अठ्ठेचाळीस आकडी चावी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (लिहितेय टेबलाशी बसून, पण पूर्ण आडवी पडून केला असं समज.) तुझा गुडघा काय म्हणतो? मामी अजून गच्चीतून शेजारच्या कुत्र्याशी भांडते का? मराठीत पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघू नकोस, प्रेम बघ. फोनच का नाही केला, ते पुढे कळेल.

तर बातमी अशी, की मी ऑफिसात डेटा सुरक्षा अधिकारी झालेय. हसू नकोस. आमची कंपनी केसांचे टोप बनवते, हे तुला माहीतच आहे. पण आमच्या लॅपटॉपवर काय काय असतं ते माहीत नसेल. कोणाचं डोकं किती इंच, टक्कल कुठून कुठपर्यंत, टोप लावण्याआधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि शेवटच्या रकान्यात 'घरी माहीत आहे का?' (बहुतेक सगळे 'नाही'. माणसांवरचा माझा विश्वासच उडाला.) हा सगळा दारूगोळा तीन लॅपटॉपवर उघडा पडलेला. तिन्हींचा पासवर्ड एकच, आणि विसरायला नको म्हणून रिसेप्शनच्या ताईंनी तो स्क्रीनच्या कडेला चिकटवून ठेवलेला. ताई जरा उठल्या की समोरचं गिऱ्हाईक लॅपटॉप स्वतःकडे वळवून आपला टोप कधी मिळणार ते बघायचं, आणि जाता जाता ओळखीच्यांची टकलंही बघून घ्यायचं. मी मीटिंगमध्ये एवढंच म्हटलं, 'सर, हे फार डेंजरस आहे.' मालक म्हणाले, 'मग तूच बघ.' झाली माझी नेमणूक.

मामा, मी एका बैठकीत चाळीस पानांचं गाइड वाचून काढलं (जवळजवळ सगळं) आणि सात नियम करून दारावर लावले, खाली माझी सही. नियम एक: सगळी माहिती एकाच लॅपटॉपवर, त्याला आतून पक्कं कुलूप, बाकी ठिकाणच्या प्रती डिलीट. (बॅकअपचा धडा अडतिसाव्या पानावर होता. मी छत्तिसाव्यापर्यंत पोचले होते.) हा लॅपटॉप ठेवला वस्तादांकडे. वस्ताद म्हणजे आमचे मुख्य कारागीर. एकेक केस सुईने ओवून टोप तेच विणतात, त्यामुळे मापं त्यांनाच लागतात. पासवर्ड सोळा अक्षरी हवा म्हटल्यावर ते म्हणाले, 'पोरी, मला बायकोचा मोबाइल नंबर पाठ नाही.' तरी त्यांनी एक टाकला. टाकताना मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले (नियम तीन). पण रोज कोण टाइप करणार, म्हणून मी अंगठ्याची सोय करून दिली. अंगठा ठेवला, लॅपटॉप उघडला! ताईंनी टाळ्या वाजवल्या. मला अगदी भरून आलं.

आता यात माझी काय चूक, ते तूच सांग. टोप चिकटवायचा गोंद वीस वर्षं वस्तादांच्या हाताला लागतोय. लॅपटॉपने जो अंगठा ओळखून घेतला, तो मुळात गोंदाचा होता. मंगळवारी वस्ताद लायसन्स ऑफिसला गेले, तिथे त्यांचा ठसाच उमटेना. बिचाऱ्यांनी घरी येऊन स्पिरिटने घासघासून हात धुतले. खालून निघाला तो निराळाच अंगठा! गुलाबी, कोवळा, कोऱ्या पाटीसारखा. बुधवारी लॅपटॉपने त्यांना ओळख दाखवली नाही. मग पासवर्ड. सोळापैकी वस्तादांना चार अक्षरं आठवत होती, आणि त्यातल्या दोनांची खात्री नव्हती. ताईंनी प्रयत्न केला, मालकांनी केला, कुरिअर घेऊन आलेल्या माणसानेही दोन वेळा केला. शेवटी स्क्रीन निळी झाली आणि लॅपटॉप म्हणाला, कुलूप लावताना दिलेली अठ्ठेचाळीस आकड्यांची चावी टाका, नाहीतर राम राम.

आता अकरा टोपांची कामं ठप्प आहेत. रविवारी लग्न असलेला एक नवरदेव रोज टोपी घालून समोर येऊन बसतो आणि काही न बोलता माझ्याकडे बघतो. मालक मात्र बोलले. शनिवारी दुपारपर्यंत लॅपटॉप उघडला नाही, तर सोमवारपासून मी घरी. माझं प्रोबेशन संपायला नऊ दिवस राहिलेत, मामा! ताई म्हणाल्या, 'काळजी करू नकोस, तुझे नियम आम्ही लावूनच ठेवू.'

बाकी सगळं छान. तब्येतीला जप. मामीला नमस्कार सांग.

तुझी लाडकी भाची

ता. क. १ : नियम पाच असा, की चावी ऑफिसबाहेर, कुणाच्या स्वप्नातही येणार नाही अशा जागी ठेवायची. मागच्या रविवारी मी न बोलावता जेवायला आले आणि तू मामीला म्हणालास, 'बघ, पोरीला माया आहे.' माया आहेच. पण चावीचा कागद तुझ्या शोकेसमधल्या 'तीस दिवसांत पोट कमी करा'मध्ये आहे. त्याहून सुरक्षित पुस्तक मला सापडलं नाही.

ता. क. २ : ती चावी फोनवर वाचायची नाही आणि तिचा फोटो पाठवायचा नाही (नियम सहा, माझाच, आणि मालक तो मला मोठ्याने वाचून दाखवतात). पत्र घेऊन आलेले डिलिव्हरीचे दादा दारात थांबतील. कागद पाकिटात घालून, पाकीट चिकटवून त्यांच्याकडे दे.

ता. क. ३ : घाई अजिबात नाही. चावी नाहीच मिळाली, तर मालकांनी दुसरा मार्ग काढलाय. ताईंच्या वहीत गिऱ्हाइकांच्या घरचे फोन नंबर आहेत, नावं नाहीत. प्रत्येक नंबर फिरवायचा आणि जो कोणी उचलेल त्याला सांगायचं, 'टोपाचं माप हरवलंय, तुमच्याकडचं डोकं पुन्हा पाठवा.' फोन मीच करायचेत. नियम सातप्रमाणे मी कुणाचं नाव फोडणार नाही. पण वहीतला एकोणिसावा नंबर मला लहानपणापासून पाठ आहे, आणि त्या घरी फोन नेहमी मामीच उचलते. मी इथे नोकरी धरली तेव्हा तू महिनाभर 'दुसरीकडे बघ, दुसरीकडे बघ' का म्हणत होतास, ते आत्ता कळलं.

पुस्तक खालच्या फळीवर आहे, डावीकडून तिसरं.