कल्याणच्या लाटा

४ नोव्हेंबर
अमृत गेला. काल दुपारी, नारायणगावच्या मार्केटात. टोमॅटोचे क्रेट भरून झाले होते, ताडपत्री बांधत होता. टेम्पोवरचा दुसरा ड्रायव्हर राघू सांगत होता – "दोरी आवळता आवळता भाऊ खाली बसलं, सर. मला वाटलं, दम खात्यात."
माझा धाकटा भाऊ. बावन्न वर्षांचा.
रडू येत नाही.

६ नोव्हेंबर
माणसं येतात, बसतात, जातात. चहा होतो. मी पितो.

९ नोव्हेंबर
दशक्रियेला श्रद्धांजलीचं भाषण कोण करणार, असं विचारायला दोघे आले आणि माझ्याकडेच बघत राहिले. जुन्नर-आंबेगावात तीस वर्षं लोकांच्या दशक्रियेला मीच तर बोलतो!
कागद घेऊन बसलो. जमेना. पंचवीस वर्षं तो माळशेज उतरून कल्याणला माल न्यायचा. आणि माझं सगळ्यात गाजलेलं भाषण त्याच कल्याणचं – "दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या नाणेघाटातून बैलांचे तांडे उतरत होते! कल्याणच्या धक्क्यावर समुद्राच्या लाटा आपटत होत्या, परदेशी गलबतं आपल्या मालासाठी ताटकळत होती! आणि आज? आज आपल्याच मालाचा भाव आपण दुसऱ्याला विचारतो!" लाटा आल्या की टाळी ठरलेली.
अमृत कायम पहिल्या रांगेत. नंतर दर वेळी एकच – "दादा, एकदा चल की गाडीत. कल्याण दाखवतो."
मी म्हणायचो, "अरे, सगळं वाचलंय मी."

१२ नोव्हेंबर
मीना नदीचा घाट. पिंडाला कावळा शिवेना. तास गेला. सात-आठ झाडावर बसलेले, खाली एक येईना. पोरीचं लग्न थाटात करू, टेम्पो विकणार नाही – भावकीनं सगळं कबूल करून झालं. मग चुलती, बायडाबाई, माझ्याकडे वळली. "तू बोल की रं. त्याचं काय राह्यलंय ते तुलाच ठावं असंल."
ठाऊक होतं. एका वाक्याचं काम.
पण याच घाटावर मी किती वेळा गरजलोय – कावळ्याला कसली इच्छा कळते? माणसाला विचारा, तो जिवंत असताना विचारा! दोनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. तोंड उघडलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.
भाषणही केलं नाही.
घरी आल्यावर रत्ना, त्याची बायको, एवढंच म्हणाली – "साऱ्या तालुक्यासाठी बोलता, दादा. त्यांच्यासाठी एक शब्द नाय निघाला?"

१३ नोव्हेंबर
काही नाही.

१५ नोव्हेंबर
आणे गावाहून व्याख्यानाचं बोलावणं. विषय – नाणेघाट. नाही म्हणालो. कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

१७ नोव्हेंबर
राघूला म्हणालो, उद्याच्या खेपेला मी येतो.
"तुमी? टेम्पोत?" मग म्हणाला, "या. पाठीला उशी आणा, सर. घाटात लई हिसके बसत्यात."
कावळ्यासाठी नाही जात. आता कशासाठी जातोय, तेही नीट माहीत नाही.

१८ नोव्हेंबर
कल्याण. माल उतरला. राघूला म्हटलं, "आता समुद्रावर ने. धक्का बघायचाय."
तो हसला. "समुद्र? हितं कुठला समुद्र, सर? खाडी हाय."
नेलं त्यानं. गढूळ, संथ पाणी. चिखल. पलीकडे इमारती. लाट एकही नाही.
"माल उतरला की भाऊ हितंच बसून डबा खायचं," राघू म्हणाला. "दर खेपेला."
पंचवीस वर्षं. आणि माझ्या लाटांना पहिली टाळी त्याचीच असायची.