एकशे एकोणिसावं, तोंडपाठ

२ फेब्रुवारी २०२५, रविवार, संध्याकाळ

आज उपासनेनंतर पंचमंडळींची मीटिंग. विषय काय, तर माझी स्मरणशक्ती! एकतीस वर्षं पाटोद्याच्या या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी पाळक आहे. निम्म्या लोकांचे बाप्तिस्मे माझ्या हातचे. आणि आप्पाराव मला विचारतो, पाळकसाहेब, तब्येत बरी हाय ना? आप्पाराव म्हणजे एसटीतला रिटायर्ड कंडक्टर, सध्या पंचांचा चेअरमन. समोरचा विनातिकीट चढलाय असंच बघतो अजून.

निमित्त, मागच्या आठवड्यातला दफनविधी. वारले शहादेव. मी कबरीपाशी म्हणालो, आपला बंधू हनुमान प्रभूमध्ये झोपी गेला. हनुमान हा शहादेवचा सख्खा भाऊ, चांगला जिवंत, माझ्यासमोरच उभा. दोघांच्या मिशा सारख्या, यात माझा काय दोष? हनुमान मटकन खाली बसला. त्याचं बीपी वाढलं, त्याचंही खापर माझ्यावर.

जूनमध्ये मला पासष्ट पूर्ण होतात. पुढं दोन वर्षं वाढवून द्यायची का नाही, हे बीडचे सुपरिंटेंडंट साहेब, म्हणजे आम्हा पाळकांचे वरिष्ठ, एप्रिलमध्ये येऊन ठरवणार. आप्पाराव म्हणाला, लोकांचं म्हणणं हाय, तुमी आता आराम करावा. लोकांचं! माझं डोकंच फिरलं. तडक आत गेलो, माईक चालू केला (लोक अजून चपला शोधत होते) आणि जाहीर केलं: मंडळीच्या वर्धापनदिनी, २७ एप्रिलला, साहेबांसमोर अख्खं एकशे एकोणिसावं स्तोत्र तोंडपाठ म्हणेन. पवित्र शास्त्रातलं सगळ्यात मोठं. एक जरी ओळ मागंपुढं झाली तर आपण होऊन बिऱ्हाड हलवीन.

चपलांची शोधाशोध थांबली. भारावले असावेत.

घरी आल्यावर वनमालानं एवढंच विचारलं, एक जरी ओळ, असं कशापायी म्हणालात? मी म्हणालो, याला विश्वास म्हणतात. ती भाकरी थापायला बसली. इतकी वर्षं पाळकाची बायको आहे, पण विश्वासाचा विषय काढला की हिला पीठ आठवतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

स्तोत्राचे बावीस भाग. रोज एक भाग. म्हणजे फेब्रुवारीतच खेळ खल्लास. मार्च नुसता पॉलिशला. उद्यापासून पहाटे चारला उठणे. चहा बंद. मोबाईल बंद.

४ फेब्रुवारी

उठलो ७.४०. गजर वाजला नाही. (वनमाला म्हणते वाजला, तुमीच बंद केला. शक्य नाही.) चहा घेतला, कारण घसा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दोन भाग झाले. अडचण माझी नाही, स्तोत्राची आहे. जिकडंतिकडं नियम, निर्बंध, विधी, आज्ञा. एक ओढावा तर दुसराच हाताला लागतो. रचणाऱ्यानं पाठ करणाऱ्याचा थोडा विचार करायला हवा होता. परमेश्वरा, क्षमा कर. पण करायला हवा होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

उपासनेला एकोणीस डोकी. बाकीचे ऊसतोडीला, कारखाने बंद झाले की येतील. एक वनमाला सोडली तर पुढची सहा बाकं रिकामी. ज्याला आठवड्याचं सोनेरी वचन, म्हणजे बायबलातली नेमून दिलेली ओळ, पाठ नाही त्यानं पुढं बसायचं नाही, हा नियम मीच घातलेला. सुरुवातीला पुढं बसायला चढाओढ असायची. हल्ली दारातूनच सांगतात, पाठ न्हाई, आणि खुशाल मागं जाऊन भिंतीला टेकतात. मी लांबूनच ओरडतो.

संडे स्कूलची वर्षाराणी म्हणाली, सर, नियम काढा की आता, पोरांना वचन म्हणजे शिक्षा वाटायलीय. बावीस वर्षांची पोरगी मला शिकवणार! मी म्हणालो, बाळ, तुझा बाप्तिस्मा मी केलाय. ती म्हणाली, हो, तवा माझं नाव चुकलतं.

किरकोळ गोष्टी धरून बसायची सवय लागलीय या पिढीला.

९ मार्च, रविवार

छबुबाईंना भेटायला गेलो. बिचाऱ्या खुब्याचं हाड मोडून दोन महिने खाटेवर. आजाऱ्याची भेट आणि माझी प्रॅक्टिस, एका दगडात दोन पक्षी. पहिले चार भाग म्हणून दाखवले, आवाज चढवून, म्हणजे त्यांच्या आत्म्याला पोचावं. दुसऱ्या भागालाच त्यांचा डोळा लागला. किती शांती मिळाली असेल!

जागी झाल्यावर म्हणाल्या, पाळकीणबाई न्हाई आल्या? त्या आल्या म्हंजी बरं वाटतं, पाय चोळून देत्यात, वेणी घालून देत्यात. मी म्हणालो, बाई, वेणीनं आत्म्याचं तारण होत नाही. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. दुखत असणार.

घरी येऊन विचारलं, तू कधीपासून जातेस? वनमाला म्हणाली, रोज जाते, तुमी पाठ करीत बसता तवा. मला माहीतच नव्हतं. सांगायला नको?

१९ मार्च, बुधवार

आमची धनश्री लग्न होऊन माजलगावला असते. तिच्या घराजवळच वनमालाची दोन खोल्यांची जागा आहे, आईकडून मिळालेली. तिथं सध्या काम काढलंय. आज मायलेकी फोनवर अर्धा तास फरशीवर बोलत होत्या. पांढरी घ्यावी का पिवळसर. माझा सोळावा भाग त्या फरशीवर घसरला.

मी वनमालाला स्पष्ट सांगितलं, त्या खोल्या भाड्यानं दे. अजून दोन वर्षं आपण इथंच. साहेबांनी ऐकलं तर चार. ती पीठ मळायला गेली. मौन म्हणजे संमती.

३१ मार्च, सोमवार

सगळे बावीस भाग आज पहिल्यांदा सलग म्हणालो! बावीस मिनिटं. डोळ्यांत पाणी आलं.

वनमाला समोर बायबल धरून बसली होती. ती म्हणाली, बारावा भाग संपला की तुमी पाचव्यावर येता, मी टोकलं म्हणून तेराव्यावर गेलात. मी म्हणालो, तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. पुन्हा म्हणालो. ती म्हणाली, आलात पाचव्यावर. आता यात माझा दोष नाही, दोन्हींचा सूर सारखाच आहे, फाट्यावरचा बोर्ड दिसला नाही की गाडी आपोआप जुन्या रस्त्याला लागते. पण मला आतून कळतं कुठं आहे ते. चिंता नाही.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा)

पुन्हा तेच. बारावरून पाचवर. आता एक सोय केली आहे. वनमाला पुढच्या बाकावर बायबल उघडून बसेल. मी चुकीच्या भागात शिरलो की ती एकदा खोकेल. बस्स. मी सावध होऊन योग्य जागी येईन.

ही फसवणूक आहे का, याचा मी प्रार्थनापूर्वक विचार केला. नाही. माणसाला खोकला येऊ शकतो. उपासनेत तर येतोच. शिवाय पती-पत्नी एकदेह आहेत, म्हणजे एका अर्थी मीच खोकणार.

वनमाला आधी न्हाई म्हणाली. तिला म्हणे असं खोटं जमत न्हाई. मी आवाज जरा चढवला. मग हो म्हणाली.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

तीन तासांची उपासना. आप्पाराव म्हणतो, क्रूसावरले सात उद्गार सांगायचे होते, तुमचे सहाच झाले. उद्गारही मोजत बसतो हा मेला. लोक गहिवरले होते ते नाही दिसलं.

२६ एप्रिल, शनिवार

ऊसतोडीची मंडळी परतली. उद्या चर्च भरणार. बाहेर मांडव पडलाय. खडीसाखर, मिरे, कोमट पाणी चालू आहे. बोलणं बंद.

वनमालानं माझा पांढरा झगा धुऊन इस्त्री केला. करता करता म्हणाली, अवं, साहेबांना आपणच सांगा ना. म्हणावं लई वर्षं सेवा झाली, आता येतो. लोकं रडतील, हार घालतील, मानानं जाऊ. बोलणं बंद असल्यामुळं मी नुसता हसलो. मग कागदावर लिहून दिलं: मेंढपाळ कळप सोडत नसतो.

तिनं कागद वाचला, घडी केली आणि इस्त्रीखाली घेतली.

२७ एप्रिल, रविवार, दुपारी ३

विजय!

काय लिहू? चर्च तुडुंब. साहेब पुढच्या खुर्चीत. मी उभा राहिलो, क्षणभर डोळे मिटले आणि सुरुवात केली. आलेफपासून तावपर्यंत, म्हणजे पहिल्या भागापासून बाविसाव्यापर्यंत. अडलो नाही, अडखळलो नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. आणि लोक! सगळ्यांच्या मांडीवर बायबल, सगळ्यांची बोटं चाललेली. पानं पुढं उलटतायत, मागं उलटतायत, पुन्हा पुढं. एकमेकांना कोपरानं ढोसून ओळ दाखवतायत. वचनाची एवढी भूक मी एकतीस वर्षांत बघितली नव्हती. वर्षाराणीला तर तोंडाला ओढणी लावावी लागली.

पाऊण तास लागला. घरी बावीस मिनिटं लागायची. भरल्या मंडळीपुढं माणूस जरा सावकाश बोलतो.

मुख्य म्हणजे वनमाला एकदाही खोकली नाही. एकदाही! सगळा वेळ माझ्याकडं बघत होती. शेवटी टाळ्यांचा कडकडाट. जेवणाची डाळ करपली, पण अशा दिवशी डाळ कोण बघतो?

साहेब म्हणाले, पाचला घरी येतो, बोलू. आता एक डुलकी.

२७ एप्रिल, संध्याकाळी ७

साहेब आले, आप्पाराव आला. चहा झाला. साहेब म्हणाले, आल्हाट, तुम्ही भर मंडळीत जो शब्द दिला होता त्याचा आम्ही मान राखू. मी म्हणालो, मग दोन नको, चार वर्षं द्या.

साहेब कपात बघत राहिले. आप्पारावनं खाकरून सांगितलं. पाळकसाहेब, बारावा भाग झाला की तुमी पाचव्यावर आलता. पुन्हा बारावा, पुन्हा पाचवा. असं तीनदा. चौथ्यांदा कसे काय सुटलात देव जाणे. मी जिंदगीभर फेऱ्या मोजल्यात, माझी मोजणी चुकत न्हाई. अन् समद्या पब्लिकपुढं बायबल उघडं होतं.

मी म्हणालो, साफ खोटं आहे. वनमालाला विचारा, ती ओळ न् ओळ बघत होती. वनमाला दारात उभी होती. तिनं सांगितलं, गेलते मागं. तीनदा.

साहेब म्हणाले, मे महिन्यात निरोप समारंभ घेऊ. आप्पाराव जाताना माझ्या पाया पडला. आजवर कधी पडला नव्हता.

ते गेल्यावर मी विचारलं, मग खोकली का नाहीस? घसा बसला होता का?

ती म्हणाली, घसा ठणठणीत होता. पहिल्यांदा मागं आलात तवा खोकला व्हटापर्यंत आलता. दाबला. दुसऱ्यांदा रडू आलं, ते बी दाबलं. तिसऱ्यांदा मला माजलगावची फरशी दिसाया लागली.

मी म्हणालो, हा विश्वासघात आहे. ती म्हणाली, हाय. तुमाला तोंडानं सांगून बघितलं, तुमी कागदावर मेंढपाळ लिहून दिला. एकतीस वर्षं मी मंडळीनं दिलेल्या घरात राह्यले. भिंतीत खिळा ठोकायचा तर पंचांना इचारायचं. चुलीवर काय शिजतंय ते लोकं बघणार, माझं लुगडं नवं हाय का जुनं ते लोकं बघणार. तुमाला देवानं बोलावलतं. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी लग्न करून आलते.

ती रडली नाही. मला रडू आलं. तिच्यापुढं नाही, इथं, या टेबलाशी. एका खोकल्यानं सगळं वाचलं असतं. ती समोर बसून मला बुडताना बघत राहिली आणि मी वर तोंड करून आनंदानं म्हणत राहिलो. एवढं मी तिचं काय बिघडवलं होतं? विचार केला पाहिजे. उद्या.

१८ मे, रविवार, माजलगाव

मागच्या रविवारी निरोप झाला. शाल, नारळ, आणि काचेच्या फ्रेममध्ये सोनेरी अक्षरांचं वचन. भाषणं सहा. पाचांनी पाळकीणबाईंवरच केली. छबुबाईंना खुर्चीत बसवून आणलं होतं. त्या वनमालाच्या गळ्यात पडून रडल्या आणि मला लांबूनच सलाम केला.

इथं पत्रे तापतात. फरशी पिवळसर आहे.

नवा संकल्प: या घरात दर रविवारी दहा वाजता कौटुंबिक उपासना. सुरुवात आजच. प्रवचनाची टिपणं काढून दहाला बाहेरच्या खोलीत आलो तर वनमाला हातोडी घेऊन खुर्चीवर चढलेली. भिंतीत चौथा खिळा चालला होता. विचारलं, काय लावायचंय? म्हणाली, काई न्हाई, ठरवीन सावकाश. मी ती फ्रेम आणून पुढं केली. म्हणाली, ते असू द्या पेटीत.

मग मला राहवलं नाही. विचारलं, एवढी वर्षं तू पहिल्या बाकावर बसलीस. दर रविवारी ऐकलंस. माझं एखादं प्रवचन, एखादं वाक्य, काही तरी लक्षात असेल ना?

हातोडी थांबवून ती खरंच आठवू लागली. बराच वेळ. कपाळाला आठ्या घालून, मनापासून. मला जरा आशा वाटली.

म्हणाली, तुमी लई मोठ्यानं बोलायचा.

मी वाट बघितली. पुढं काही नव्हतं. खुर्ची हालतीय, नीट धरा, म्हणाली. धरली.