समुद्राकाठी रोवलेली खुंटी

भामरागड,
२४ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप वामनदादांस,
धाकट्या गुणवंताचा जय भीम.

चंद्रपूरच्या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवणे. इकडे रुखमाची कंबर बरी आहे आणि मी जिवंत आहे. दुसरी गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती.

माझ्या माधवीला सांगून आलेला राजदीप आपल्याच भागातला, पण नोकरी आंध्रात, समुद्रकाठच्या हवामान कचेरीत. पोरगी वादळाच्या तोंडी द्यायची नाही, असं तुम्ही ठरवलंत आणि नकाराचं पत्र देऊन मलाच पाठवलंत. (शाई संपली म्हणून सही तेवढी बॉलपेननं केली होती, तेच पत्र.) माधवीनं दोन दिवस जेवणाला हात लावला नाही.

पोचलो तर आभाळ स्वच्छ, वारा नावाला नाही, आणि हा मुलगा घरोघर फिरून माणसांना शाळेत हलवतोय. मला म्हणाला, "काका, वादळ चारशे किलोमीटरवर हाये, पण त्याच्या लाटा त्याच्या पयले येतेत. संध्याकाळी भरतीच्या वक्ताले वारा पाणी गल्लीत ढकलन. किनाऱ्यावर जाऊ नोका." तीन नद्यांचा पूर अठ्ठावीस वर्षं मोजलेल्या माणसाला हा पाणी शिकवणार! मी गेलोच. आपल्या पद्धतीनं पाण्याच्या कडेला खुंटी रोवली. (पाणी खुंटीपासून हातभर मागं सरलं की पूर ओसरला, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक.) इथं तर वीस हात मागं सरलं. मी तिथल्या कोळणींना खणखणीत मराठीत सांगून टाकलं की पूर उतरला, सामान घरी न्या. त्यांना फक्त तेलुगू येत होतं, हे नशीब.

मग गेलेलं पाणी दुप्पट होऊन परत आलं. नदी असा दगा देत नाही, दादा. खुंटी, छत्री, चपला आणि मी, सगळे एकदमच निघालो. राजदीपनं गळाभर पाण्यात शिरून मला कोटाच्या कॉलरला धरून ओढलं. मी फार घाबरलो होतो. त्यानं कोरडे कपडे दिले, चहा पाजला, पण 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाला नाही. (आपल्या घराण्यात एवढा संयम कुणाकडं आहे?) संध्याकाळी गल्लीत छातीभर पाणी शिरलं. घरं बुडाली, पण आत माणूस एकही नव्हता. असा जावई असल्यावर मला समुद्राची भीती वाटत नाही.

वहिनींना जय भीम.

तुमचा,
गुणवंत

ता. क. : लग्नाची तारीख तुम्हीच काढा. पावसाळ्यात आमचा रस्ता बंद, ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळांमुळं त्याला रजा नाही. उरलेल्यातून बघा.

ता. क. दुसरा : लग्न कुठून आलं, असं विचाराल. तुमचं पत्र कोटाच्या खिशात होतं. समुद्रानं सगळी शाई धुऊन नेली, बॉलपेनची सही तेवढी शाबूत राहिली. कागद वाळवून मी सहीच्या वर होकार लिहिला आणि देऊन आलो. अक्षर माझं असलं तरी सही तुमची आहे, तेव्हा आता शब्द फिरवता येणार नाही. माधवी कालपासून पोटभर जेवते आहे.