क्लॅरीची पायवाट

मलिगन्स क्रीक,
३ एप्रिल १९९४

प्रिय ईनिडताईंना वर्नाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचा जॅम पोचला, निम्मा संपलाही. काल गावच्या अग्निदलाचा नवा कप्तान ट्रेव्हर आला होता. उन्हाळ्यात वणवा भडकू नये म्हणून घरामागचा उतार थंडी पडायच्या आत ठरवून जाळायचा आहे, होकार द्या म्हणाला. क्लॅरी गेल्यापासून दोन वर्षं मी नाहीच म्हणते आहे. उतारावर माजलेल्या त्या नेच्याच्या झुडपांत त्याची पायवाट आहे हो. कप्तान होता तेव्हापासून रोज संध्याकाळी, कुठे धूर दिसतोय का बघून येतो म्हणत तो तिथूनच चढायचा. वाचनालयाच्या गाडीतून आणलेल्या पुस्तकात वाचलं, की जळल्यावर नेचा पहिल्यांदा उगवतो. पायवाट कुठून उगवणार?

ट्रेव्हर म्हणाला, मावशी, आग चढाला पळते, आणि वर होलीचं घर आहे, लहान लेकरं आहेत. त्याला चहा दिला, होकार दिला नाही. काय करू, सांगा.

तुमची,
वर्ना


होबार्ट,
११ एप्रिल

प्रिय वर्नास अनेक आशीर्वाद.

होकार न देणाऱ्यांना माझा भाऊ काय काय बोलायचा, ते तूच मला हसत लिहायचीस. आता त्याचीच बायको अडून बसली, म्हणजे कमाल झाली! आणि धूर कसला बघतोय तो? लहानपणापासून भांडी घासायची वेळ झाली की स्वारी गायब.

मलाही तो रोज आठवतो गं. पण त्याच्यासाठी होलीची झोप उडवू नकोस. जाळू दे.

रागावलीस तरी पत्र लिही.
ईनिड


मलिगन्स क्रीक,
८ मे

प्रिय ईनिडताईंना सप्रेम नमस्कार.

रागावलेच होते, म्हणून उशीर. पण होकार दिला. गुरुवारी दव सुकल्यावर दलाची माणसं आली, सगळी गावातलीच. आधी कोपऱ्यात थोडं पेटवून वारा पाहिला, मग वरून खाली बारीक आग आणली, माणसाच्या चालीपेक्षाही हळू. मी सँडविचं करत राहिले. ट्रेव्हरने चिडवलं, की जुने कप्तान असते तर म्हणाले असते, बाईसाहेब, फार लवकर सुचलं!

दुसऱ्या दिवशी पाहते तर राखेत पायवाट उघडी पडलेली, टणक, पांढरी. नेच्यानेच ती झाकली होती. ताई, ती माथ्यापर्यंत जातच नाही. मध्येच एका खडकाशी थांबते. तिथून दरी दिसत नाही, धूरबीर काही नाही. फक्त आमचं मागचं अंगण आणि कपड्यांची दोरी. रोज त्याच वेळी मी कपडे काढायला यायचे.

काल तिथे जाऊन बसले. खाली दोरीवर माझा एकच झगा होता. तो काढायला कोणी आलं नाही.

तुमच्या भावाची, आणि तुमचीही,
वर्ना