सामान पाठवतो आहे

मंगळवार, ६ फेब्रुवारी

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. माझा गुडघा त्याच्या मर्जीनं चालतो आणि मी त्याच्या मागून. तुझ्या सासूबाईंची तब्येत उत्तम, म्हणजे सकाळी उठल्याबरोबर माझ्यावर ओरडण्याइतकी ताकद अंगात आहे. तुझा छपाईचा क्लास संपत आला असेल. तुझ्या ताईकडे सगळे मजेत ना?

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी 'हां, हां, बरं, ठेवतो' याच्यापुढे जात नाही हे तुला माहीत आहे. म्हणून कागद घेऊन बसलो.

तू सांगितलेलं स्क्रीन प्रिंटिंगचं सामान बघून आलो. आधी त्या मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं एक चकचकीत खोका पुढे केला. "काका, नवशिक्यांचा पूर्ण संच! घरी न्या आणि लगेच छापायला लागा." जन्मभर लोकांच्या दारातली झाकणं उघडून पाण्याचे मीटर वाचलेला माणूस मी, झाकण उघडल्याशिवाय विश्वास कसा ठेवणार? आत डोळ्यांत घालायच्या औषधाएवढ्या शाईच्या बाटल्या, आइस्क्रीमच्या काडीची बहीण शोभेल अशी लाकडी चौकट, आणि बाकी सगळा पुठ्ठा. मला त्यातलं काही कळत नाही, पण विकणारा फार घाई करायला लागला की आपण थांबावं, एवढं कळतं. थांबलो.

मग भाजी बाजाराच्या मागच्या गल्लीत पिशवीवाल्या बाईंकडे गेलो. त्या कापडी पिशव्यांवर दुकानांची नावं छापतात. त्यांचा मीटर मी कित्येक वर्षं वाचला, अजून 'पाणीवाले काका' म्हणूनच हाक मारतात. तुझं नाव काढल्यावर त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. छपाईची जाळी ताणलेली एक जुनी लाकडी चौकट फरशीवर ठेवून दाखवली, तर तिचा एक कोपरा वर! "पाणी पिऊन पिऊन वाकली," म्हणाल्या. "रोज धुवावी लागते ना. सुनेला सांगा, अॅल्युमिनियमची घे. पैसे घालायचे ते चौकटीत आणि जाळीत. बाकी सगळीकडे हात आखडला तरी चालतो."

मी त्यांचंच ऐकलं. चित्र जाळीवर उतरवायला ते दिव्यांचं महागडं यंत्र घेतलं नाही. साधा झगझगीत दिवा आणि वर ठेवायला जाड काच, भागतं म्हणे. शाई पाण्यात धुतली जाणारी घेतली. दुसऱ्या जातीची शाई पक्की करायला भट्टीसारखी उष्णता लागते, ही इस्त्रीनं होते. फक्त जाळीवर वाळू द्यायची नाही. छापताना मध्येच चहाला गेलीस की जाळी बुजली, असा पिशवीवाल्या बाईंचा सज्जड दम आहे. शाई ओढायचा रबरी पट्टीचा दांडा त्यांनी स्वतः निवडून दिला. रबरावरून नख फिरवत होत्या, आंबा दाबून बघावा तसं.

चौकटी दोन घेतल्या. एक मोकळ्या जाळीची, कापडासाठी. दुसरी बारीक विणीची, कार्डांसाठी आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांसाठी. पुठ्ठ्यांचं तू काही म्हणाली नव्हतीस. मलाच वाटलं, लागेल.

आता खरी भानगड. बाईंकडे एक जुनं यंत्र विकायला आहे. लोखंडी, चार हातांचं, जत्रेतल्या पाळण्यासारखं गोल फिरतं. प्रत्येक हातात एक चौकट, म्हणजे चार रंग छापता येतात. दुसऱ्या खेपेला तुझ्या सासूबाई माझ्याबरोबर आल्या आणि त्यावरून त्यांची नजर हलेना.

"हेच घ्या," ही म्हणाली. "मागच्या खोलीत बसेल. जमिनीला बोल्ट मारून टाकले की हलायचं नाव नको."

मागची खोली म्हणजे आमच्या लेकाची खोली. तो गेल्यापासून तिथली उशीसुद्धा तिनं मला हलवू दिली नव्हती, हे तू बघितलंच आहेस. आणि आता म्हणाली, पलंग मी काढून टाकते. पैसे कमी पडले तर माझी ठेव मोडा.

मी म्हटलं, नवशिक्या मुलीला चार हातांचं यंत्र कशाला? एका रंगानं सुरुवात करू दे. मी बोट दाखवलं ते लोखंडी बिजागऱ्यांच्या जोडीकडे. त्या कुठल्याही टेबलाच्या कडेला बसतात, त्यांच्यात चौकट धरायची आणि छापायचं. काम संपलं की स्क्रू सैल केले, बिजागऱ्या पिशवीत. जास्त खर्चही नाही.

परतीच्या बसमध्ये तिनं माझ्यापासून दोन रांगा पुढची जागा धरली. घरी आल्यावर पदर खोचून समोर उभी राहिली.

"खरं कारण सांगा."

"सांगितलं की. एका रंगानं…"

"ताईचा फोन फक्त तुम्हालाच आला होता असं वाटतं का तुम्हाला? आधी मला आला होता."

हे मला पहिल्या ओळीतच लिहायचं होतं, सूनबाई. धीर होईना, म्हणून शाई आणि चौकटी सांगत बसलो. तुझ्या ताईनं फोनवर सांगितलं की तुमच्या क्लासशेजारच्या पुस्तक बांधणाऱ्या गृहस्थांनी तुला लग्नाचं विचारलं आहे. माणूस शांत आहे, सरळ आहे, तुझ्याशी बोलताना घाबरतो. तू त्याला हो म्हणत नाहीस, नाहीही म्हणत नाहीस, आणि 'आईबाबांना कोणत्या तोंडानं सांगू' म्हणून रडतेस.

हिला धक्का बसेल म्हणून मी ते लपवून ठेवलं. मला धक्का बसेल म्हणून हिनं. एकाच स्वयंपाकघरात समोरासमोर बसून आम्ही एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत जेवत होतो!

मी म्हटलं, "माहीत असून ते धूड जमिनीला ठोकायला निघालीस?"

"माहीत होतं म्हणूनच," ती म्हणाली.

मग मागच्या खोलीत जाऊन पलंगावर बसली. मीही गेलो. तेव्हा ती म्हणाली, "ती गेली की या घरात त्याच्याबद्दल बोलायचं कुणाशी? तुम्ही तर विषय निघाला की पाणी प्यायला उठता." ते खरं आहे. मी उठतो. त्या दिवशी उठलो नाही. आम्ही खूप बोललो. त्याच्या लहानपणचं, त्याच्या आजारपणाचं, तू रात्र रात्र दवाखान्यातल्या त्या बाकावर काढायचीस त्याचं. हसलोही. त्यानं तुला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी घाबरून तुलाच 'या साहेब' म्हटलं होतं, ते हिला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच पिशवीवाल्या बाईंकडे गेली आणि बिजागऱ्यांची जोडी घेऊन आली. टेबलावर ठेवत म्हणाली, "जाळी पुसायला जुनं सुती कापड लागतं. नव्या कापडाचे तंतू चिकटतात. खूप वेळा धुतलेलं पाहिजे." आणि कपाट उघडून त्याचे शर्ट काढले.

मी बघतच राहिलो. एकेका शर्टाची बटणं तिनं उसवली, शिवणी कापल्या, आणि टराटरा चौकोनी तुकडे केले. फाडताना रडली नाही. मध्येच कात्री सापडेना, तेव्हा मात्र रडली. मी म्हटलं, अगं, एक तरी ठेव. म्हणाली, "एक ठेवलाय."

पार्सलमध्ये ते तुकडे वरच आहेत. निळ्या चौकड्यांचा तू लगेच ओळखशील. एकदम बघून हबकशील म्हणून आधी कळवतो. घडी घालून जपून ठेवू नकोस. शाई पूस, धू, परत पूस. ती म्हणाली, असं स्पष्ट लिहा, नाहीतर ती ठेवून देईल.

टेबल मात्र पाठवत नाही. तू जिथे राहशील तिथलं घे.

आणि उत्तर काय द्यायचं ते तुझं तू ठरव. हो म्हणायचं असेल तर आमच्याकडे बघून अडू नकोस. नाही म्हणायचं असेल तर तेही आमच्यासाठी म्हणू नकोस. तो गेल्यावर तू तुझ्या माहेरी गेली नाहीस, आमच्यापाशी बसून राहिलीस. तुझ्यामुळे आम्ही जेवलो, झोपलो, माणसांत आलो. आता आम्हाला जमतं. खोटं बोलत नाही, थोडं थोडं जमतं.

पहिली छपाई वाकडी आली तरी तीच पाठव. सरळ नंतर येईल.

खाली थोडी जागा सोडली आहे. 'मला काही लिहायचं नाही' असं तुझ्या सासूबाई म्हणाल्या, आणि आत्ताच माझ्या हातातलं पेन मागताहेत.

तुझ्या सुखाच्या बातमीला न घाबरणारा,
बाबा

त्या बांधणीवाल्यांना तिखट चालतं का ते कळव. ताईला बरोबर घेऊन या. पलंग काढलेला नाही, तुम्ही दोघी बहिणी तिथे झोपाल. त्यांची सोय बाहेरच्या खोलीत करते.
– आई