भुसा बंद

१४ जाने. २००३
संक्रांत. कुणाकडे गेले नाही. कुणी बोलावलंही नाही. चिंगी दोन दिवस शिंकतेय. सरकार बरा आहे. पिंजऱ्यातला भुसा बदलला, जाड थर दिला. थंडी आहे.
ह्यांचे ससे. चिंचिला जातीचे, राखाडी. रिटायर झाल्यावर हौसेनं आणले, आणि मार्गशीर्षात स्वतःच गेले. तोवर मी कधी हात लावला नव्हता.

१९ जाने.
ह्यांची सशांची वही पुन्हा काढली. पाला किती, पाणी कधी, सगळं लिहिलेलं. शेवटच्या पानावर दोनच शब्द. 'भुसा बंद.' जायच्या आदल्या दिवशीचे. तेरावं झाल्यावर हेच वाचून मी सशांना गव्हाचा भुसा खायला घालायचा थांबवला. लिहिलंय तसंच करतेय, तरी चिं. वाळत चाललीय.
शेजारच्या अक्का म्हणाल्या, "वैनी, वही बघून कुठं जनावर जगतंय व्हय? आमची म्हस न वाचताच दूध देती की."
चौथीत शाळा सुटली. पुढचं वाचायला माझी मी शिकले. अक्कांना तो तोरा वाटतो. थोडा आहेच.

२५ जाने.
सॉ मिलमधून ताजा भुसा आणला. सागाचा, बारीक. हात घातला तर गादीसारखा. चिं. त्यात नाक खुपसून बसली. वाटलं, तिला आवडला.

२८ जाने.
चिंगी गेली. नाकाला भुसा चिकटला होता, पदरानं पुसला. परसात पेरूखाली पुरली. खड्डा अक्कांनी काढला.

३० जाने.
सरकारही शिंकायला लागला. टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेला. डॉ. ह्यांना ओळखत होते.
"खाली काय अंथरताय?"
"भुसा."
"अजून? आणि खायला?"
"भुसा बंद केलाय. ह्यांनी लिहून ठेवलंय."
त्यांनी सरकारचं नाक बोटानं पुसून बघितलं. मग म्हणाले, "आवो मावशी, उलटं झालं की हो. साहेबांना मीच सांगितलं होतं, लाकडाचा भुसा बंद करा, नाकात जातोय. गव्हाचा चालू ठेवायचा."
लाकडाचाही भुसा, गव्हाचाही भुसा.
घरी कशी आले आठवत नाही.

३१ जाने.
ते असते तर मी चुलीपुढून नुसतं ओरडले असते, अहो, कुठला भुसा? एवढंच लागत होतं.

२ फेब्रु.
भुसा सगळा झाडून काढला. खाली नुसती तारेची जाळी राहिली. स.च्या मागच्या पायाला फोड आलाय, काहीतरी अंथरायलाच हवं. रद्दी घातली, ती फाडून खाऊ लागला. पोटात शाई. काढली. गोणपाट घातलं, त्याची सुतळी ओढून चघळतो, आतड्यात अडकली तर? तेही काढलं. ह्यांचा जुना सदरा ट्रंकेतून काढला. वास घेतला. परत ठेवला.
जे घालीन त्यानं मरेल असं वाटतं.

५ फेब्रु.
अक्कांना सगळं सांगितलं. त्या वाचण्यावरून काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.
मी म्हणाले, "माझ्या हातानं मेली."
"असं म्हणू नगा." अक्का म्हणाल्या, "लिवणाऱ्यानं बी पुरतं लिवावं की वैनी. एक शब्द जादा लिवला असता तर काय हात झिजला असता?"
ह्यांचा राग आला. गेल्यापासून पहिल्यांदा. मग रडणं थांबेना.
अक्कांचा भाऊ नेसरीहून अंथरायला भाताचं पिंजार, वाळका पेंढा, एस्टीनं पाठवतोय.

७ फेब्रु.
पिंजार आलं. मूठमूठ नाकाला लावून बघितलं, कुबट आहे का. उन्हात पसरलं. झटकलं. परत झटकलं. अक्का म्हणतात, "जावयाला गादी घालताय काय?"
तरी पिंजऱ्यात घालायला हात धजेना. शेवटी अक्कांनी घातलं. मी नुसती बघत उभी.

८ फेब्रु.
स. खात नाही. गव्हाचा भुसा भिजवून दिला, तोंड फिरवलं. मेथी दिली, तीही तशीच. डॉ. घरी येऊन गेले. सुई दिली. म्हणाले, उद्यापर्यंत कशाला तरी तोंड लावायला पाहिजे.
"नाही लावलं तर?"
"मावशी, उद्या बघू."

९ फेब्रु.
सकाळी कोपऱ्यात बसलेला. पिंजार सरकलंय, पाय उघड्या जाळीवर. शिंक कमी, पण अंग गार. त्याच्यासमोर पिंजाराची एक काडी मधेच तुटलेली. खाल्ली की पायाखाली मोडली, कळत नाही. अक्का म्हणतात खाल्ली. मला तसं म्हणवत नाही.
दुसरी काडी त्याच्या तोंडाशी ठेवलीय. हलली नाही अजून.