सतराचा आकडा

प्रिय दीक्षा,

तू वर वॉर्डात आणि मी खाली दवाखान्याच्या पायरीवर बसून तुला पत्र लिहितोय, याचं तुला हसू येईल. येऊ दे. तोंडाने सांगायला गेलो की अर्धंच सांगून मोकळा होतो. काल फोनवरही बोअरचं पाणी बंद कर, बाळाला दवाखान्यात ने, एवढंच बोललो आणि कारण गिळलं.

चिमणी रडली की ओठ निळे पडतात, असं तू काल सहज म्हणालीस. जावई संघपालला वाटलं, थंडीने असेल. मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. डब्याच्या दुधात पाणी कुठलं घालतेस विचारलं, तर तू मलाच समजावलंस, "बाबा, काहून घाबरता? मी वीस-वीस मिनिटं उकळून राहिली ना." तुझी आईही असंच करायची, तुझं काय चुकलं? पण पोरी, तान्ह्याच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही ते सांडपाण्यातलं नायट्रेट, आणि ते उकळून जात नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं. तू जितकी काळजी घेतलीस, तितकं ते दाट होत गेलं.

आज सकाळी तिचं रक्त काढलं ते चॉकलेटी दिसलं. इंजेक्शन दिलंय, नखांना रंग येतोय, असं डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली, पण भीती काही उतरत नाही. दहा आठवड्यांचा जीव तो. जिन्यात नर्सची चप्पल वाजली की मी उठून उभा राहतो.

संघपालला नागपुरातली नंदनवन वस्ती सोडायची नव्हती, आठवतं? बुटीबोरी रोडचा प्लॉट हा तुझा हट्ट. तिथलं पाणी माझ्या बाबांनी तपासलंय, असं तू सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटलीस. तुझ्या मैत्रिणीने, सरिताने शेजारचा प्लॉट तुझ्याच शब्दावर घेतला.

त्या लेआउटच्या पाण्याबद्दल मी दिलेला अहवाल काल कपाटातून काढला. चौसष्ट घरं, दर घरामागे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा, माणशी किती नायट्रोजन जमिनीत उतरणार, मुरलेलं पावसाचं पाणी ते किती पातळ करणार, सगळं नीट मांडलंय. उत्तर लिटरमागे सतरा मिलिग्रॅम. मर्यादा पंचेचाळीस. खाली 'धोका नाही' लिहून मी सही ठोकली. दीक्षा, माझे सतरा नुसत्या नायट्रोजनचे होते आणि पंचेचाळीसची मर्यादा अख्ख्या नायट्रेटची. जवळपास साडेचारने गुणायचं राहिलं. गुणलं की पंचाहत्तर होतात. हाताखालच्यांना बत्तीस वर्षं बजावत आलो, आकडा नंतर, आधी एकक बघा. मीच बघितलं नाही.

माफी मागायला हे लिहीत नाही, ती मागायची माझी हिंमत नाही. सरिताला आठवा महिना लागलाय आणि तीही तुझं बघून बोअरचंच पाणी उकळून पिते. मी तोंडी सांगितलं तर लेआउटमधले लोक म्हणतील, म्हातारा नातीच्या काळजीने बावचळलाय. त्यांनी माझ्या कागदावर विश्वास ठेवला होता, म्हणून खोडायलाही कागदच हवा. हे पत्र संघपालच्या हाती आत्ताच सरिताकडे पाठव, मग घरोघरी. मला काय बोलायचं ते नंतर बोल. मी पायरीवरच आहे.

तुझाच बाबा,
प्रेमानंद गजभिये
(सही तीच आहे, अहवालावरची.)